‘उत्साही’ – एवढंच

माणसाला शिवी दिली तर तो चिडतो आणि दोन दिवसांनी विसरतो. कौतुक केलं तर फुलतो, आणि तेही दोन दिवसांनी विसरतो. पण मिळालं ते कौतुक होतं की शिवी, हेच ज्याला कळत नाही त्याचं मात्र अवघड असतं. त्याचं जेवणावरचं लक्ष उडतं, झोप उडते, आणि मग तो अर्ज लिहायला बसतो.

भाऊसाहेबांना चिठ्ठी मिळाली तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. त्यांच्या पाणीपुरवठा कार्यालयात वर्षातून एकदा अशा चिठ्ठ्या वाटत. मुख्य अधिकारी प्रत्येक कर्मचाऱ्याचा गोपनीय अहवाल भरायचे, अहवाल कपाटात जायचा, आणि त्यातल्या ‘एकंदर शेरा (एका शब्दात)’ या रकान्यातला शब्द तेवढा चिठ्ठीवर उतरवून ज्याचा त्याला मिळायचा. भाऊसाहेबांच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: ‘उत्साही’.

त्यांनी चिठ्ठी उलटी केली. मागे काही नव्हतं. उजेडाकडे धरून पाहिली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. उत्साहीच होतं.

“आला का शेरा, भाऊसाहेब?” समोरच्या टेबलावरून टायपिस्ट बाईंनी विचारलं.

“आला.”

“काय आलाय?”

“आलाय,” भाऊसाहेब म्हणाले आणि चिठ्ठी त्यांनी चष्म्याच्या घरात घालून घर मिटलं.

दुसऱ्या कुणाला हा शब्द मिळाला असता तर त्याने घरी जाताना चार केळी जास्त घेतली असती. पण या कार्यालयात ‘उत्साही’ शब्दाचा अर्थ काय होतो, हे भाऊसाहेबांइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. कारण तो अर्थ त्यांनीच ठरवला होता.

त्याचं असं झालं होतं. दोन महिन्यांपूर्वी निवृत्त झालेल्या जुन्या साहेबांना लिहिण्याचा भारी कंटाळा. अहवालांचे दिवस आले की ते चाळीसच्या चाळीस कोऱ्या अहवालांवर सही ठोकून गठ्ठा भाऊसाहेबांकडे सरकवायचे. “तुम्ही माणसं ओळखता, भाऊसाहेब. भरून टाका.” भाऊसाहेब भरून टाकायचे. वीस वर्षं भरत होते. हे त्या दोघांखेरीज कुणाला माहीत नव्हतं, आणि वाईट लिहिलं तर भांडणं साहेबांच्या दारात जातात म्हणून भाऊसाहेबांनी एक युक्ती काढली होती. वाईट कुणाविषयीच लिहायचं नाही, पण शब्द मोजून मापून वापरायचे. जो खुर्चीत झोपतो तो ‘शांत’. ज्याच्या टेबलाभोवती सदा तिघे उभे असतात आणि चौघांपैकी एकही काम करत नाही, तो ‘मनमिळाऊ’. ज्याच्याकडे कुणी कामच देत नाही तो ‘विश्वासू’. आणि ज्याचे हातपाय खूप हलतात पण काम जागचं हलत नाही, तो ‘उत्साही’.

हा शेवटचा शब्द त्यांनी पहिल्यांदा वापरला तो चौदा वर्षांपूर्वी, वाऱ्यासाठी. वारा म्हणजे कार्यालयातला शिपाई. तो आला की टेबलावरचे कागद उडत, म्हणून वारा. त्या वर्षी एक तातडीचं पत्र घेऊन तो जो धावत सुटला, तो गावाच्या दुसऱ्या टोकाला वीज कार्यालयात पत्र देऊन आला. ते पत्र होतं अग्निशामक दलाला द्यायचं. बरं, रिकाम्या हाताने परत कसं यायचं, म्हणून येताना त्याने वीज कार्यालयाचं एक पत्र उचलून आणलं. जुन्या साहेबांनी कपाळावर हात मारला. भाऊसाहेबांनी लिहिलं: ‘उत्साही’. पुढे हा शब्द त्यांच्या इतका अंगवळणी पडला की आजवर एकूण अकरा जणांना तो लागला होता.

स्वतःच्या अहवालात मात्र ते वीस वर्षं ‘अत्यंत कार्यक्षम’ असं लिहीत आले होते. रकाना एका शब्दाचा होता आणि हे दोन झाले होते, पण सही आधीच झालेली असल्यामुळे तक्रारीला जागा नव्हती.

आणि आता नव्या मॅडम आल्या होत्या. वय बत्तीस-तेहतीस, केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. त्यांनी सगळे अहवाल स्वतःच्या हाताने भरले, चिठ्ठ्यासुद्धा स्वतःच लिहिल्या. भाऊसाहेबांना याच गोष्टीचा पहिला संशय आला होता. जो अधिकारी स्वतः लिहितो, त्याच्या मनात काहीतरी असतं.

त्यात वेळ कोणती? कार्यालयाचे अधीक्षक महिन्याभरात निवृत्त होणार होते. अधीक्षकांची खोली म्हणजे काही महाल नव्हे. प्लायवूडचा आडोसा, त्याला वर छतही नाही. पण आडोशाच्या आत एक हातांची खुर्ची होती. भाऊसाहेब एकतीस वर्षं बिनहातांच्या खुर्चीत बसले होते आणि विचार करताना कोपर ठेवायचं कुठे, हा प्रश्न त्यांना एकतीस वर्षं सुटला नव्हता. सेवाज्येष्ठतेने पहिलं नाव त्यांचं होतं. त्यानंतरची बढतीची यादी दोन वर्षांनी निघणार होती आणि भाऊसाहेबांची नोकरी उरली होती एकोणीस महिने. म्हणजे खुर्ची मिळाली तर आत्ता, नाहीतर कोपर लोंबकळतच घरी जाणार.

अशा वेळी ‘उत्साही’!

संध्याकाळी त्यांनी चिठ्ठी बायकोला दाखवली.

“बरं लिहिलंय की,” ती म्हणाली.

“तुला नाही कळायचं त्यातलं.”

“अहो, कुणी चांगलं म्हटलं तर तेही पचत नाही का तुम्हाला? उत्साही म्हणजे उत्साही. फक्त तो ऑफिसातच संपवून येता, घरी आणत नाही, एवढंच माझं म्हणणं. मोरीतला नळ सहा महिने गळतोय. पाणीपुरवठ्यात नोकरी आणि घरात थेंब थेंब.”

“नळाचा इथे काय संबंध?”

“काही नाही. तो गळतोय.”

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. ज्याने वीस वर्षं गोड शब्दांत कडू औषध वाटलं, त्याला आता खडीसाखरही जिभेवर ठेववेना. भाऊसाहेब जिन्यात गेले. त्यांच्या इमारतीत सल्ला जिन्यातच मिळत असे, आणि मागावा लागत नसे. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर आणि समोरचे विमावाले तिथे उभेच होते.

मास्तरांनी लगोलग घरातून शब्दकोश आणला. “हं. उत्साह. उमेद, हुरूप, उल्हास, काम करण्याची मनापासून इच्छा. उत्तम शब्द आहे, भाऊसाहेब.”

“मास्तर, हा पुस्तकातला अर्थ झाला. ऑफिसातला सांगा.”

“ऑफिसाचा वेगळा कोश असतो का?”

“असतो,” विमावाले मध्येच बोलले. विमावाल्यांचा धंदाच असा की त्यांना प्रत्येक गोष्टीमागे अपघात दिसायचा. “मी सांगतो. घोडा उत्साही असला तर त्याला गाडीला जुंपतात. गाडीत नाही बसवत. कळलं का? उत्साही माणूस पळायला बरा. खुर्चीत बसवायला शांत, गंभीर माणूस लागतो. बाईंनी तुम्हाला जिन्याच्या पहिल्याच पायरीवर केळीचं साल ठेवलंय.”

भाऊसाहेबांचा चेहरा उतरला. “मग करू काय?”

“दोन गोष्टी. एक, उत्साह ताबडतोब बंद. दिसताच कामा नये. दुसरं, खुलासा मागा. तोही लेखी.”

“तोंडी विचारलं तर?” मास्तर म्हणाले. “दार ठोठावायचं आणि विचारायचं, मॅडम, तुमच्या मनात काय होतं?”

यावर भाऊसाहेब आणि विमावाले दोघेही मास्तरांकडे बघून असे हसले, की मास्तरांनी कोश मिटून काखेत मारला.

दुसऱ्या दिवसापासून भाऊसाहेबांनी उत्साह बंद केला. हे वाटतं तितकं सोपं नसतं. कामसू माणसाला फक्त कामच टाळावं लागतं, पण ज्याला कामसू दिसायची सवय आहे त्याला सगळं अंगच आवरावं लागतं. ते कार्यालयात पावलं मोजत शिरू लागले. फोन वाजला की तिसऱ्या घंटेपर्यंत त्याच्याकडे नुसते बघायचे. बोलताना प्रत्येक वाक्याआधी एक श्वास घ्यायचे. चौथ्या दिवशी शाळेजवळची मोठी पाइपलाइन फुटली. रस्त्यावर कारंजं उडतंय, फोनवर माणूस ओरडतोय, आणि भाऊसाहेब म्हणाले, “असं. ... पाणी... कुठल्या रंगाचं आहे?”

पलीकडच्या माणसाने फोन आपटला. व्हॉल्व्ह बंद व्हायला पाऊण तास गेला, आणि तोवर शाळेच्या तळमजल्यावर बाकं तरंगत होती.

मॅडमनी बोलावलं. वर न बघताच विचारलं, “तब्येत बरी नाही का?”

“उत्तम आहे, मॅडम.”

“चार दिवस बघतेय मी. हालचाल मंद, बोलणं तुटक. हृदयाची तपासणी करून घ्या. दाखला आणून द्या.”

दाखला! अधीक्षकाच्या निवडीआधी प्रकृतीचा दाखला! भाऊसाहेबांना विमावाले आठवले. म्हणजे पहिल्या पायरीवर साल होतंच, दुसऱ्या पायरीवर तेल ओतलं. ते बाहेर आले तर वारा उभा होता. त्याने घाईघाईने स्टूल पुढे केलं, पाण्याचा ग्लास दिला, त्यातलं अर्धं भाऊसाहेबांच्या बाहीवर सांडलं.

“बसा, भाऊसाहेब. दगदग नका करू.”

भाऊसाहेबांनी त्याच्याकडे संशयाने पाहिलं. मॅडमना चहा नेऊन देणारा हाच. यानेच तर काही कानात सांगितलं नसेल?

डॉक्टरांनी हृदय ठणठणीत असल्याचं लिहून दिलं. तपासताना ते म्हणाले, “वयाच्या मानाने चांगला उत्साह आहे तुमच्यात.” भाऊसाहेबांनी त्यांना हे दाखल्यात न लिहिण्याची हात जोडून विनंती केली.

आता उरला दुसरा सल्ला. लेखी खुलासा. भाऊसाहेबांनी टायपिस्ट बाईंकडून फॉर्म मागितला.

“कशाचा?”

“शेऱ्याबाबत खुलासा मागायचा.”

“चांगला आहे की वाईट?”

“तेच विचारायचंय.”

“छे, तसा फॉर्म नाही हो. चांगल्या शेऱ्याला कुणी कधी खुलासा मागितलाय? एकच आहे, नमुना आठ. ‘प्रतिकूल शेऱ्याविरुद्ध निवेदन’.” बाईंनी कपाटातून एक पिवळट कागद काढला. “पण त्याला शेरा वाईट असावा लागतो.”

“देऊन ठेवा.”

नमुना आठ हा मोठा गंभीर फॉर्म होता. त्यातल्या पाचव्या रकान्यात विचारलं होतं, ‘सदर शेरा प्रतिकूल कसा, ते पुराव्यासह सिद्ध करावे’. आणि अगदी तळाला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत छापलं होतं, ‘निवेदन निराधार आढळल्यास निवेदकाचे नाव चालू बढती यादीतून वगळण्यात येईल’. ही ओळ भाऊसाहेबांना पाठ होती. आजवर जो कुणी नमुना आठ मागायला आला त्याला ती वाचून दाखवून त्यांनीच परत पाठवलं होतं. पण दुसऱ्याच्या ताटातलं मीठ जास्त दिसतं आणि आपल्या ताटातलं दिसत नाही. शिवाय पुरावा! पुराव्याची तर त्यांच्याकडे खाण होती.

तीन संध्याकाळी ते जेवणाच्या टेबलावरून उठले नाहीत. ‘निवेदकाच्या दीर्घ निरीक्षणानुसार,’ त्यांनी लिहिलं, ‘या कार्यालयात उत्साही हा शब्द परंपरेने अशा कर्मचाऱ्यांना लावला जातो, ज्यांची धावपळ अधिक व कामाची निष्पत्ती अल्प असते. खालील अकरा उदाहरणे पाहावीत.’ आणि मग अकरा नावं, प्रत्येकाच्या नावापुढे तारीखवार पराक्रम. मीटर तपासनीस: बंद घरांचे मीटर वाचल्याची नोंद, त्यातले एक घर पाडून दोन वर्षे झालेली. व्हॉल्व्हवाला: उघडायचा व्हॉल्व्ह बंद व बंद करायचा उघडा, तीन वेळा, तोही सुट्टीच्या दिवशी मनाने येऊन. टायपिस्ट बाई: एकच पत्र नऊ प्रतींत, नववी प्रत ज्याच्याविरुद्ध पत्र होते त्यास. शिपाई: अग्निशामक दल प्रकरण. अकरा जोडपत्रं झाली. पानं एकतीस.

“काय लिहिताय एवढं?” बायकोने भाजी निवडायला जागा शोधत विचारलं.

“मी उत्साही नाही, हे सिद्ध करतोय.”

बायकोने कागदांच्या ढिगाकडे पाहिलं, नवऱ्याच्या शाईने भरलेल्या बोटांकडे पाहिलं, आणि ती भाजी घेऊन बाल्कनीत गेली.

पाकीट लाखेने बंद करून वाऱ्याच्या हाती मुख्य कार्यालयात पाठवायचं ठरलं, आणि पाठवल्यावर भाऊसाहेबांना अग्निशामक दल आठवलं. ते मागोमाग निघाले. वारा पुढे, हे वीस पावलं मागे, खांबाआडून खांबाआड. वारा धावत नव्हता. तो प्रत्येक इमारतीपाशी थांबून पाटी वाचत होता, ओठ हलवत, एकेक अक्षर. मुख्य कार्यालयाची पाटी त्याने दोनदा वाचली, पाकिटावरचा पत्ता ताडून पाहिला, आत गेला आणि शिक्का मारलेली पोच घेऊन बाहेर आला. भाऊसाहेबांना हायसं वाटायला हवं होतं. त्यांना वाटलं, हा इतकं नीट काम कधीपासून करायला लागला? यात काहीतरी आहे.

पंधरा दिवस शांततेत गेले. सोळाव्या दिवशी मुख्य कार्यालयाकडून उत्तर आलं. भाऊसाहेबांना उत्तर एकट्यापुरतं हवं होतं, पण मुख्य कार्यालय न्यायाला फार पक्कं. त्यांनी बारा पत्रं पाठवली. एक मॅडमना, आणि एकेक त्या अकरा जणांना: ‘आपल्याला आजवर मिळालेला उत्साही हा शेरा प्रतिकूल असल्याचे श्री. अमुक यांनी निवेदन केले आहे. सोबत आपल्याविषयीचे जोडपत्र. आपले म्हणणे सात दिवसांत सादर करावे.’

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

साडेदहाला पत्रं वाटली गेली. दहा पस्तिसला टायपिस्ट बाई टेबलापाशी आल्या.

“नऊ प्रती? अकरा वर्षांपूर्वीच्या नऊ प्रती तुम्ही लिहून ठेवल्यात, भाऊसाहेब? मी तुमच्या मुलीचा अर्ज फुकट टाइप करून दिला होता, तो लिहिलात का कुठे?”

“बाई, माझा रोख तुमच्यावर नव्हता. शब्दावर होता.”

“माझ्या सासूबाईंनी ती चिठ्ठी कपाटाच्या काचेला लावलीय! येणाऱ्या जाणाऱ्याला दाखवतात, सुनेला ऑफिसात उत्साही म्हणतात म्हणून. आयुष्यात एवढी एकच गोष्ट त्यांना माझी आवडली. आता काय सांगू? काढा म्हणून?”

तोवर मीटर तपासनीस आला होता. “आमचं लग्न त्या शब्दावर जमलंय, भाऊसाहेब. सासरे म्हणाले, पगार बेताचा आहे पण मुलगा उत्साही आहे. तीन मुलं झाली. आता मी प्रतिकूल?”

“पाडलेल्या घराचा मीटर कसा वाचलास ते तरी सांग,” भाऊसाहेबांनी जमेल तेवढ्या कडकपणे विचारलं.

“अंदाजाने!”

 व्हॉल्व्हवाल्याने नुसतं टेबलावर पत्र ठेवलं आणि तो म्हणाला, “तुमच्या मोरीतला नळ बघायला रविवारी येणार होतो. आता नाही येत.”

आणि सगळ्यांच्या वतीने जे म्हटलं गेलं ते भाऊसाहेबांना सर्वांत जास्त लागलं. “जुने साहेब देवमाणूस होते,” टायपिस्ट बाई डोळे पुसत म्हणाल्या. “त्यांनी आमच्या चुका पोटात घातल्या आणि वर चांगला शब्द दिला. नाहीतर काही माणसं! त्याच शब्दाची माती करतात.”

 देवमाणूसही भाऊसाहेबच होते आणि माती करणारेही तेच, पण हे सांगायचं कुणाला?

फक्त वारा आला नव्हता. तो कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून आपलं पत्र वाचत होता, ओठ हलवत. अजून पहिल्याच परिच्छेदावर होता.

दुपारी मॅडमनी बोलावलं. टेबलावर एकतीस पानं पसरली होती.

“बसा. तुमचं निवेदन वाचलं. सविस्तर आहे.”

सविस्तर या शब्दाचा भाऊसाहेबांना संशय आला, पण ते बसले.

“मुख्य कार्यालयाला तुमच्याकडून एका ओळीचं उत्तर हवंय. शेरा प्रतिकूल आहे, की नाही. प्रतिकूल म्हणालात तर तुमचा शेरा मी बदलेन आणि तुमचं नाव यादीत राहील. पण मग या अकरा जणांचे शेरेही प्रतिकूल धरावे लागतील. नियम एकच. आणि शेरा प्रतिकूल नाही म्हणालात तर निवेदन निराधार ठरतं. तळाची ओळ तुम्हाला माहीत आहे.”

“माहीत आहे.”

“दहा जणांचं फारसं काही बिघडणार नाही. रागावतील. पण शिपायाचं बिघडेल. या वर्षी तो दप्तरी होणार आहे. कपाटांच्या किल्ल्या, बसायला टेबल. त्याच्या सेवापुस्तकात चौदा वर्षांत एक प्रतिकूल शेरा निघाला, तर नाही होणार.”

 ज्या प्रश्नासाठी हा सगळा डोंगर पोखरला होता, तो भाऊसाहेबांनी शेवटी तोंडाने विचारला. “मॅडम, तुम्ही मला तो शब्द का लिहिलात?”

“एवढंच विचारायचं होतं?” मॅडमनी पेन खाली ठेवलं. “मी नवीन. कुणाला ओळखत नव्हते. बाकीच्यांना मागच्या वर्षीचाच शब्द ठेवला. तुमच्या अहवालात वीस वर्षं दोन शब्द. रकाना एकाचा. चूक पुढे चालवायची नव्हती.” त्यांनी एक पान उलटलं. “अक्षरही ओळखीचं वाटलं. ते मी विचारत नाहीये.”

भाऊसाहेबांनी दोन्ही हात टेबलाखाली घेतले.

“शिपाई चहा घेऊन आला होता. त्याला म्हटलं, या ऑफिसात सगळ्यात चांगल्या माणसाला काय लिहितात? त्याने खिशातून प्लॅस्टिकमध्ये घातलेली एक चिठ्ठी काढून दाखवली. म्हणाला, मॅडम, हे लिहितात. मी म्हटलं, भाऊसाहेबांना हे चालेल का? तर म्हणाला, त्यांना तर फार पूर्वीच मिळायला हवं होतं.”

भाऊसाहेब बाहेर आले. कोपऱ्यात वारा अजून वाचत होता. जोडपत्रापर्यंत पोचला होता. त्यांना बघून तो उठला, सवयीने स्टूल पुढे केलं, आणि स्टुलाच्या पायाला तो अडखळताच टेबलावरचे चार कागद उडाले.

“भाऊसाहेब, हे अग्निशामक दलाचं लिहिलंय ते खरं आहे. मी नाही म्हणणार नाही.”

“कसं काय झालं होतं रे ते?” चौदा वर्षांत हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदा विचारला.

“वाचता येत नव्हतं मला. कुणाला कळू नये म्हणून पत्र हातात पडलं की पळत सुटायचो. थांबलो तर कुणी म्हणायचं, बघू रे कुठलं आहे, वाच. धावणाऱ्याला कुणी वाच म्हणत नाही.” तो ओशाळून हसला. “मग ती चिठ्ठी मिळाली. टायपिस्ट बाईंनी वाचून दाखवली. म्हटलं, एवढी चूक केली आणि साहेबांनी हे लिहिलं? मग मी रात्रीच्या वर्गाला नाव घातलं. पहिल्यांदा वाचायला शिकलो तो हाच शब्द. त्यातला ‘त्सा’ फार अवघड, भाऊसाहेब. दोन महिने गेले माझे त्या ‘त्सा’त.”

भाऊसाहेबांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, आणि चष्म्याचं घर उघडलं तर आत चिठ्ठी होती. ती त्यांनी परत वाचली. ‘त्सा’ खरंच अवघड दिसत होता.

आपल्या बिनहातांच्या खुर्चीत बसून त्यांनी एका ओळीचं उत्तर लिहिलं. त्या एका ओळीला त्यांना एकतीस पानांपेक्षा जास्त वेळ लागला, कारण मध्ये मध्ये ते प्लायवूडच्या आडोशाकडे बघत होते. ‘उत्साही हा शेरा प्रतिकूल नसून, निवेदकाच्या माहितीत या कार्यालयात दिला गेलेला तो सर्वांत चांगला शेरा आहे.’ खाली सही केली. मग पाकीट बंद करून वाऱ्याला हाक मारली. या वेळी ते मागोमाग गेले नाहीत. खिडकीपर्यंतच गेले.

महिन्याने यादी लागली. हातांची खुर्ची बिल विभागातल्या एका ‘शांत’ माणसाला मिळाली. तो तिच्यात दुसऱ्याच दिवशी घोरू लागला. घरी भाऊसाहेबांनी बायकोला सगळं सांगितलं, अगदी वीस वर्षांचं अहवाल प्रकरणसुद्धा. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे बरंच केलंत शेवटी.” बरंच म्हणजे किती बरं, हे त्यांनी विचारलं नाही. रविवारी व्हॉल्व्हवाला न सांगता आला आणि त्याने मोरीतला नळ दुरुस्त केला. आता नळाला पाणीच येत नाही, पण गळायचं थांबलं.

वारा दप्तरी झाला. कपाटांच्या किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून तो टेबलाशी बसू लागला, आणि तेव्हापासून टेबलावरचे कागद उडेनासे झाले.

त्याच आठवड्यात मुख्य कार्यालयाचं शेवटचं पत्र आलं. भाऊसाहेबांनी ते उभ्यानेच फोडलं. ‘निवेदकाने एका शब्दाच्या खुलाशासाठी सादर केलेली एकतीस पाने, अकरा जोडपत्रे व एकूण पाठपुरावा पाहता, अधिकाऱ्यांनी दिलेला उत्साही हा शेरा यथार्थ असल्याबद्दल या कार्यालयाची खात्री झाली आहे. प्रकरण बंद.’

भाऊसाहेबांनी पत्र दोनदा वाचलं. उलटं करून पाहिलं. उजेडाकडे धरलं.

यथार्थ? म्हणजे कोणत्या अर्थाने यथार्थ? मास्तरांच्या कोशातल्या, की...

ते तडक नव्या दप्तरीच्या टेबलापाशी गेले.

“नमुना आठ आहे का रे एखादा?”

वाऱ्याने त्यांच्या हातातल्या पत्राकडे पाहिलं. सावकाश, ओठ हलवत, त्याने ते समोरून, उलटं दिसत असतानाही, शेवटपर्यंत वाचलं. मग तो मागच्या उघड्या कपाटाकडे वळला. आत पिवळट फॉर्मांचा हातभर उंच गठ्ठा दिसत होता. त्याने दार लावून कुलूप घातलं, ओढून पाहिलं आणि किल्ली जुडग्यात अडकवली.

“संपलेत, भाऊसाहेब.”